चौथी ओळ

केतकी झोपताना श्वास कसा घेते हे मला पाठ होतं. दोन आखूड, एक लांब, आणि लांब श्वासाच्या शेवटी घशात एक बारीक अडका, क्षणभर अडखळल्यासारखा. अवेळी जन्मलेली, कमी वजनाची पोर. तिला सहा महिने पूर्ण झाले तरी माझी सवय गेली नव्हती. पोळ्या लाटता लाटता उठायचं, पिठाचा हात पदराला पुसायचा आणि तिच्या छातीवर तळवा ठेवून यायचं. माझा नवरा लीलाधर दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला. मी परत आले की तो पेपरातून डोकं न काढता विचारायचा, "घेतलं का रीडिंग?"

"घेतलं."

"मग जेवू दे आता."

जळगावला मी गिरधरभाऊंच्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. कंपनी म्हणजे बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन-चार कॉम्प्युटर आणि एक खडखडणारा कूलर. सत्त्याण्णव साल होतं. भाऊ व्यापाऱ्यांना बिलांचे प्रोग्रॅम विकायचे, पण हौस त्यांना वेगळ्याच कामांची. धुळ्याच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यासाठी आम्ही एक यंत्रणा केली होती. नवजात बाळांच्या खोलीत सहा लोखंडी पाळणे. प्रत्येकाच्या गादीखाली एक पातळ पट्टी, पट्टीतून निघालेली वायर, आणि सगळ्या वायरी कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरमध्ये. बाळाची छाती हलली की पट्टी दबायची आणि पडद्यावरची त्याची ओळ वर-खाली व्हायची. श्वास थांबला की घंटा.

त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळणारी, भाऊंनी पुण्याहून फ्लॉप्यांवर आणलेली. तिचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मशीनमधली मेमरी कुणाला किती द्यायची आणि कधी परत घ्यायची हे सगळं तो ठरवतो. वायरींमधून येणारे आकडे घ्यायचा त्या कर्नलमधला भाग मी लिहिला, केतकी पोटात असताना. पुढे ती माझ्या माहेरी, धुळ्याला, दिवस भरण्याआधीच झाली आणि तिला त्याच दवाखान्यात, त्याच खोलीत, चार नंबरच्या पाळण्यात ठेवावं लागलं. मी दाराच्या काचेतून तिच्याकडे कमी आणि चौथ्या ओळीकडे जास्त बघायचे.

एप्रिलात डॉक्टरांचा फोन आला. चार नंबरचा पाळणा बरेच दिवस रिकामा आहे, आणि चौथी ओळ हलते आहे.

मी केतकीला घेऊन सकाळच्या एस.टी.नं निघाले. एरंडोल, पारोळा, खिडकीतून येणारं भाजरं वारं, बाहेर काळी रिकामी शेतं. केतकी माझ्या मांडीवर झोपली होती. दोन आखूड, एक लांब, अडका. तिला आईकडे ठेवलं. आईनं माझ्या वेळचा पाळणा माळ्यावरून काढून टांगून ठेवलाच होता. केतकी आईच्या कडेवर, मी उभ्या उभ्या चहा पिताना पाळण्याला नकळत झोका दिला, तशी आई म्हणाली, "शैले, रिकामा पायना हालावू नको वं."

"काय होतं हलवल्यानं?"

"माले काय माहीत. नही हालावतस, इतलंच."

दवाखान्यात खोली थंड होती. दोन पाळण्यांत बाळं होती. चार नंबर भिंतीकडेचा. त्यावर पांढरी चादर अंथरलेली, कडा नीट खोचलेल्या, वर एक छोटं दुपटं. मला वाटलं बाळ आहे. दुपटं उचललं, खाली काही नव्हतं.

"हे कुणी घातलं?"

धुरपदाबाई, तिथली आया, दारात फरशी पुसत होती. केतकीला पहिली अंघोळ तिनंच घातली होती. ती फडकं पिळत म्हणाली, "मीच टाकं. ती पडदावरली ओय हाली ऱ्हायनी, ताई. उघडं कसं ठेवू?"

"धुरपदाबाई, ते मशीन आहे."

"हो ना, मशीनच शे," ती म्हणाली आणि पुसायला लागली.

मी पाळण्याची वायर मागून उपटली. चौथी ओळ तशीच हलत राहिली.

याला कारण होतं, आणि ते मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. मेमरी पानांमध्ये विभागलेली असते. बाळ आलं की कर्नल त्याला एक पान देतो. बाळ घरी गेलं की ते पान मोकळं करून दुसऱ्या कामाला लावतो. पण प्रोग्रॅममध्ये कुठेतरी जुन्या पानाचा पत्ता राहून गेला, तर तो त्याच पत्त्यावर जाऊन वाचत बसतो. बिऱ्हाड सोडून गेलेल्या माणसाच्या दारावर थाप मारावी तसं. आत जो कोणी असेल तो ओ देतो.

"मग इथे कोण ओ देतंय?" डॉक्टरांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"कोणी नाही. जुने आकडे असतात. कचरा."

"मशीन बंद करून चालू केलं आम्ही. तरी तेच."

"बंद व्हायच्या आधी ते सगळं डिस्कवर उतरवतं. चालू झालं की तोच कचरा परत वर घेतं."

"तर तो कचरा काढा. परवा याची घंटा झाली, सिस्टर इकडे धावली, आणि तिकडे दोन नंबरचं बाळ निळं पडलं होतं. वाचलं ते. पण आता सिस्टर घंटेला उठत नाहीत. म्हणतात, चार नंबरच असेल. कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. मी खुर्ची ओढून बसले.

अशी चूक पकडायची एक रीत आहे. माझे आजोबा, धनसिंग आबा, अमळनेरजवळच्या गावी वारले तेव्हा मी लहान होते. जिथे त्यांचा जीव गेला तिथली जमीन सारवून त्यावर पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर टोपलं झाकलं. सकाळी बायका टोपलं उचलून वाकून बघत होत्या, पिठात कसल्या खुणा उमटल्यात, आबा कुठल्या जन्माला गेले. माझ्या कामातली रीत नेमकी तीच. मोकळं झालेलं पान एकाच आकड्यानं भरून टाकायचं, काठोकाठ, एकसारखं. मी पाचाचा आकडा घ्यायचे. मग थांबायचं, आणि नंतर झाकण उचलून बघायचं. पाचांमध्ये दुसरं काही उमटलं असेल तर तिथे कोणाचा तरी पाय पडलाय. कुठे पडलाय त्यावरून तो कोण, हे शोधता येतं.

भर दुपारी मी नवा कर्नल बसवला आणि ते पान पाचांनी भरलं. चौथी ओळ जागच्या जागी थांबली. मग सरळ झाली, आखून काढल्यासारखी. चार नंबरच्या सरळ ओळीला घंटा वाजू नये एवढं मी आधीच करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी माझ्यासाठी उसाचा रस मागवला. धुरपदाबाई दाराशी येऊन बराच वेळ पडद्याकडे बघत उभी होती. मग चार नंबरचं दुपटं उचलून घडी घालून घेऊन गेली.

संध्याकाळी घरी आले तर केतकी सतरंजीवर बसली होती. ती अजून आधाराशिवाय बसत नव्हती. आज बसली होती, ताठ.

आई भाजी निवडत होती. "दुपारले तू नव्हतीस तवय पोर एकदम गप व्हयी गयी," ती म्हणाली. "रडता रडता मधमाच थांबनी. डोया उघडाच. मी घाबरी गयू. उचलं, पाठ चोळी, तवय मंग ठीक. पण तवयपाईन रडनीच नही. दूध बी चुपचाप पिनी. गुणी व्हयी गयी तुनी पोर."

"दुपारी कधी?"

"तो उसवाला घंटी वाजाडत गया ना, त्याच्या जराशी आगोदर."

धुळ्यात उसाच्या गाड्या पुष्कळ. मी स्वतःला तेच सांगितलं. केतकीला मांडीवर घेतलं, थोपटलं, ती लगेच झोपली. मी छातीवर तळवा ठेवला.

एक श्वास. एक श्वास. एक श्वास. सगळे सारखे. अडका नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पाऊल ठेवलं तेव्हा चौथी ओळ हलत होती. वायर मी कालच काढून टेबलावर गुंडाळून ठेवली होती. ती तशीच होती.

मी ते पान छापून काढलं. प्रिंटर करकरत कागद सोडत होता आणि कागदावर पाच, पाच, पाच. वरच्या बाजूला सगळे पाच. खालच्या बाजूला सगळे पाच. मधोमध मात्र दबलं होतं. वेगळे आकडे, चढणारे, उतरणारे, दोन्ही कडांना हळूहळू पाचांमध्ये मिसळणारे. गादीवर कोणी झोपून उठल्यावर जसा खळगा राहतो, तसं.

जुना कचरा असता तर त्याच त्या आकड्यांची फेरी फिरली असती. मी पुन्हा छापलं, पुन्हा. कुठेच काही परत येत नव्हतं. दर वेळी नवे आकडे. कर्नलमध्ये त्या पानावर लिहू शकेल अशी जी जी ओळ होती ती मी एकेक करून बंद केली. कोणीच लिहीत नव्हतं. तरी लिहिलं जात होतं.

तेव्हा मी छापणं थांबवलं आणि नुसती पडद्याकडे बघत बसले. घरी बसते तशी.

दोन आखूड. एक लांब. लांब श्वासाच्या टोकाला एक बारीक दात, खाली वळण्याआधी.

दाराशी धुरपदाबाई होती. तिच्या हातात कालचं दुपटं होतं.

"टाकू का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं रिकाम्या पाळण्यावर दुपटं पसरलं आणि कडा खोचल्या.

मी रिक्षा करून घरी गेले, केतकीला उचललं आणि परत आले. डॉक्टरांनी तिला तपासलं. डोळे, कान, टाळू, छाती. "एकदम छान," ते म्हणाले. "श्वास तर घड्याळासारखा. तुम्ही फार काळजी करता. पहिलटकरणीला होतं असं."

"मला हिला जरा चार नंबरमध्ये ठेवून बघायचंय. मशीनसाठी."

"बघा की. पण आज संध्याकाळपर्यंत मला ती ओळ बंद पाहिजे. उद्या तिथे बाळ ठेवायचंय. जुळं येतंय."

ओळ बंद करणं अवघड नव्हतं. काय लिहायचं ते मला दिसत होतं. पान पुसायचं आणि त्याचा पत्ता तोडायचा. एका ओळीचं काम.

कर्नलमधलं बंद केलेलं सगळं मी परत चालू केलं आणि वायर लावली. दुपटं बाजूला केलं. केतकीला गादीवर ठेवलं. ती हलली नाही, छताकडे बघत पडून राहिली. मी पडद्याकडे वळले.

चौथी ओळ सरळ होती.

केतकीचं पोट माझ्या डोळ्यांसमोर वर-खाली होत होतं. पट्टी दबत होती. वायर पक्की होती. मी आकडे काढून बघितले.

पाच. पाच. पाच.

मी तिला उचललं.

दोन आखूड, एक लांब.

ठेवलं.

पाच.

उचललं. या वेळी ओळ उशिरा आली, आणि आली ती थरथरत. आखूड, आखूड, आखूड. भूक लागली की केतकी अशीच करायची, रडायच्या आधी.

माझ्या अंगावर दूध उतरलं. ब्लाउज भिजला. कडेवरची पोर शांत होती. तिनं माझ्या भिजलेल्या छातीकडे बघितलं, मग पडद्याकडे.

ती एक ओळ मी लिहिली नाही.

त्याऐवजी दुसरं काम केलं. मशीन बंद न करता, चालू कर्नलमध्येच एक छोटा तुकडा बसवला. त्या पानावर खूण केली, की हे मोकळं नाही, हे कुणालाही द्यायचं नाही, यावर काही लिहायचं नाही, पुसायचं नाही. चार नंबरच्या पाळण्याला नवं पान दिलं. दवाखान्याच्या पडद्यावरून ती जुनी ओळ लपवली, तिची घंटा तोडली. संध्याकाळी डॉक्टरांनी बघितलं, चौथी ओळ कोरी आणि गप्प. दुसऱ्या दिवशी जुळ्यातलं एक तिथे आलं आणि त्याची ओळ त्याच्यासारखी हलली. ती बाळं सुखरूप घरी गेली असं मला नंतर कळलं.

"मशीन बंद करू नका," मी सिस्टरला सांगितलं. "कधीच. लाइट गेली तरी बॅटरीवर चालू द्या."

"का हो?"

"बंद केलं तर परत बिघडेल."

घरी जळगावला सगळे खूश. केतकी रडत नाही, हट्ट करत नाही, खाली ठेवली तिथे बसते. लस टोचायला नेली तेव्हा सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे, तेवढंच. शेजारच्या शेवंताबाई म्हणतात, लेकरू द्यावं तर असं. एकदा जेवताना लीलाधर म्हणाला, "हल्ली रीडिंग घेत नाहीस?"

"आता लागत नाही."

"चला, सुटलो," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

दिवाळीनंतर गिरधरभाऊंना दवाखान्याचा निरोप आला, नवं मशीन पाहिजे. जुनं मी मागून घेतलं. भाऊ म्हणाले, "गुप्तधन दाखवणारं मांडूळ घेतल्यासारखं काय घेतेस ते? त्यात आहे काय?" मी म्हणाले, माझं काम आहे त्यात. मग लीलाधरच्या ओळखीनं एक जीप केली, तिच्यात ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर टाकला, आणि चालू मशीन मांडीवर घेतल्यासारखं धरून मी धुळ्याहून निघाले. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बंद करी द्या ना, फुकट बॅटरी खाई ऱ्हायनं." सोबत आलेला लीलाधर म्हणाला, "भाऊ, तू गाडी चालव. मी पण विचारत नाही."

निघताना धुरपदाबाईनं माझ्या हातात ते दुपटं दिलं होतं. धुतलेलं, घडी घातलेलं.

आता मशीन आमच्या मधल्या खोलीत असतं, दुपट्याखाली, केतकीच्या जुन्या पाळण्याच्या बाजूला. पाळणा मी काढलेला नाही. केतकी केव्हाच कॉटवर झोपायला लागली. भारनियमन असतं तेव्हा बॅटरी घूं करते. घरातल्या पडद्यावर मी ती ओळ परत उघडली आहे. बंद करून चालू केलं तर काय होईल, हे मी तपासलेलं नाही. एरवी मी सगळं तपासते.

परवा दुपारची गोष्ट. ओळ सकाळपासून बिथरलेली होती. आखूड, आखूड, आखूड. मी केळफुलाची भाजी चिरत होते, बोटं काळी झाली होती. मधल्या खोलीतून कडीचा आवाज आला. कुर्र. कुर्र.

दारात आले. केतकी पाळण्याची दोरी धरून उभी होती आणि रिकाम्या पाळण्याला झोके देत होती. सारखे झोके, एकाच मापाचे.

ओळ निवत होती. दोन आखूड. एक लांब. अडका.

मला आईचं बोलणं आठवलं. तरी मी केतकीला थांबवलं नाही. कितीतरी दिवसांनी ती ओळ झोपली होती. मी दाराला टेकून ऐकल्यासारखी बघत राहिले.

मग लक्षात आलं, केतकी पाळण्याकडे बघतच नव्हती. पडद्याकडे बघत होती.

तिनं हातानं पाळणा अडवला. थांबली.

ओळ थरथरली.

तिनं झोका दिला. ओळ निवली. पुन्हा अडवला, या वेळी जरा जास्त वेळ.

ओळ उसळली, रडून रडून श्वास कोंडलेल्या बाळासारखी. केतकी मान किंचित तिरपी करून बघत होती. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. मी काम करताना अशीच बसते, असं लीलाधर सांगतो. एक गोष्ट बदलायची, थांबायचं, बघायचं.

तिनं दोरी सोडून दिली. पाळणा स्थिर झाला. पडद्यावर ओळ उसळतच होती.

केतकी चालत माझ्यापाशी आली. माझा काळा पडलेला तळवा दोन्ही हातांनी ओढला, आपल्या छातीवर ठेवला, आणि मान तिरपी करून माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबली.